मोळी बांधता येणं

हिरकणीची गोष्ट आपल्याकडे पोराटोरांना पाठ असते. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, कोजागिरीची रात्र, गडाचे दरवाजे बंद झालेले, खाली घरी तान्हं बाळ. बाई कडा उतरून घरी गेली. दुसऱ्या दिवशी महाराजांनी तिला बोलावून घेतलं, साडीचोळी दिली आणि त्या जागी बुरूज बांधायला सांगितलं. ही आख्यायिका आहे, कागदपत्रांत तिला कुणी शोधू नये. पण बुरूज आहे आणि नावही आहे. एस.टी.च्या गाडीला ते नाव मिळालं. स्टँडवर लेकराला पाजायला आडोशाची खोली असते, तिलाही हिरकणी कक्ष म्हणतात.

गोष्ट सांगणारा शेवटी डोळे पुसत एकच सांगतो, आईची माया बघा. मला शाळेत असल्यापासून त्यात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. मायेनं बाई कड्याच्या टोकापर्यंत धावत जाईल, हे खरं. पुढं कडा उतरायला हातापायाला कडा ठाऊक लागतो. कोणत्या कपारीत पाणी झिरपतं, कोणतं गवत धरलं की मुळासकट हातात येतं, कोणत्या झुडपाची मुळी खडकात रुतलेली असते, चांदण्यात सावली खरी किती खोल आणि दिसते किती खोल. हे सगळं मायेतून येत नाही. रोज लाकडाला, गवताला, गुरामागं हिंडून येतं. त्या रात्री गडावर अडकलेल्या आणखीही आया असतील. उतरली ती एकटी.

गोष्टीत एकाच माणसानं तिच्या उतरण्याकडे नीट बघितलं, ते म्हणजे महाराज. जिथून बाई उतरते तिथून गनीम चढेल, हा त्यांचा हिशेब. बुरूज म्हणजे तिच्या कसबाची पावती. आपण मात्र त्या पावतीवरचं नाव वाचलं आणि रक्कम वाचायची विसरलो.

हे आठवायला कारण घडलं ते पुढं सांगते. आधी आमच्या गावाकडचं.

आमचं गाव आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या पाण्याच्या मागं. पाऊस असा की चार महिने घोंगडी नि इरलं वाळत नाही. भात, नाचणी, वरई. बापे निम्मं वर्ष मुंबईला, बाजारात ओझी उचलायला. गावात राहायच्या बाया, म्हातारे आणि पोरं. त्यामुळं रानाचं जे काही असेल ते बायांकडेच असायचं, पण तसं कुणी म्हणत नव्हतं. रानातला माणूस म्हटला की आमच्याकडे एका आजोबांचं नाव निघायचं. ते कड्यावरून दोराला लटकून आग्यामोहोळाचा मध काढायचे. वर्षातून एकदा, फार तर दोनदा. त्याची कथा पुढं वर्षभर चालायची. धूर कसा केला, दोर कसा कचरला, माशा कशा उठल्या. तो दोर केवणीच्या सालीचा होता आणि साल काढून, पाण्यात कुजवून, धुऊन वाळवून ती आजोबांच्या बायकोनं दिली होती, हे मला पुष्कळ उशिरा समजलं. कथेत दोर होता, दोर करणारी नव्हती.

माझी चुलती, तिला आम्ही नानी म्हणतो, आता सत्तरीच्या पुढं आहे. तिची मोळी बघण्यासारखी असायची. शहरातल्या माणसाला वाटतं, मोळी म्हणजे लाकडं गोळा करून बांधायची. तसं केलं तर पहिल्याच उतारावर मोळी मागं घसरते आणि मान मोडते. जाड बुंधे कुठं, बारीक फाटे कुठं, बांध कोणत्या ठिकाणी आवळायचा, म्हणजे डोक्यावर घेतल्यावर पुढचं टोक जरा वर राहील आणि पायाखालची वाट दिसेल, याचा एक अंदाज असतो. वाळक्या लाकडाला वेल आवळताना पीळ किती द्यायचा, हेही त्यातलंच. ओला वेल वाळला की सैल होतो, म्हणून लांब जायचं असेल तर तो दोनदा फिरवायचा. आणि सगळ्यात कठीण म्हणजे एकटीनं मोळी डोक्यावर घेणं. ती उभी करून दगडाला टेकवायची, आपण खाली बसायचं, चुंबळीवर तोल घ्यायचा आणि मांडीच्या जोरावर उठायचं. कमरेच्या जोरावर उठली ती बाई वर्षभरात निजली, असं नानी म्हणायची.

लाकडाची तिची पारखही तशीच. ऐन आणि धावडा निखाऱ्याला, भाकरीसाठी. करवंदीची वाळकी काटकी चटकन पेटायला. पांगारा नि सावर आणू नये, नुसता धूर, ऊब नाही. बिब्ब्याला तर हातच लावायचा नाही, त्याच्या धुरानं तोंड सुजतं. उभं हिरवं झाड तोडायचं नाही, वाळलेली फांदी घ्यायची. यात धर्म होता तितकाच शहाणपणा. ओलं लाकूड तेवढ्याच जाळाला दुप्पट वजन देतं, ते डोक्यावर कोण वाहणार?

विस्तवाचं तर मला अजून नवल वाटतं. आमच्या आजोबांजवळ चकमक होती. गारगोटी, लोखंडाचा तुकडा आणि सावरीचा कापूस. ठिणगी पाडून ते चिलीम पेटवायचे आणि आम्ही पोरं भोवती जमायचो. आजीजवळ चकमक नव्हती, कारण तिला विस्तव पेटवायची वेळच येत नसे. रात्री ती चुलीतला जाड निखारा राखेत असा पुरायची की पहाटे राख सारली की तो लाल. वर राख किती, खाली किती, शेणीचा तुकडा कुठं ठेवायचा, पावसाळी दिवसांत काय वेगळं करायचं, याचं गणित तिच्या बोटांत होतं. ठिणगी पाडणाऱ्याचं कौतुक झालं. विस्तव विझू न देणारीकडे बघायला कुणी जमलं नाही, कारण बघण्यासारखं काही घडतच नव्हतं.

खाण्यापिण्याचं सांगायला बसले तर हे पुस्तक पुरणार नाही. पहिल्या पावसाच्या सुमाराला शेवळं निघतात. ती तशीच शिजवली तर घसा खाजून माणूस हैराण होतो, म्हणून त्यात काकडाची आंबट फळं घालायची. करटुलीचे वेल नर-मादी वेगळे असतात आणि फळ फक्त मादीला. फूल आलं की देठाजवळ बारीक काटेरी गाठ दिसते का, ते बघून नानी वेल ओळखायची आणि पुढच्या वर्षी सरळ तिथंच जायची. खेकड्याच्या बिळात हात घालण्याआधी बिळाच्या तोंडाशी ओल्या मातीच्या गोळ्या आहेत का बघायच्या. तोंड गुळगुळीत, झिजल्यासारखं असेल तर हात मागं. आणि कडूकंद. श्रावण-भाद्रपदात घरातलं धान्य संपलेलं, नवं यायला अवकाश. तेव्हा कडूकंदाच्या चकत्या करून राखेबरोबर उकडायच्या, टोपलीत घालून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या. यात कसर राहिली तर ओकाऱ्या. कंद खणल्यावर वरचा शेंडा परत खड्ड्यात ठेवून माती लोटायची. रिकामा खड्डा सोडला तर नानी मागं फिरायला लावायची.

आता माझ्या प्रश्नाकडे येते.

माझी भाची पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या ऑफिसातल्या दहा-बारा जणांनी रानात राहण्याचं शिबिर घ्यायचं ठरवलं. बुशक्राफ्ट म्हणतात त्याला. रानात हाताशी असेल त्यातून निवारा करणं, आग पेटवणं, पाणी शोधणं, सुरी चालवणं. शिबिरवाल्यांची जागा आमच्याच गावाच्या वरच्या अंगाला, म्हणून हिनं आवर्जून तीच निवडली. शिकवायला पुण्याहून आलेला तरुण मुलगा होता. मुलगा चांगला, मेहनती, हे मी मुद्दाम सांगते. त्यानं लोखंडी कांडीवर सुरी घासून ठिणग्या पाडायला शिकवलं, दोराच्या सात गाठी शिकवल्या, प्लॅस्टिकच्या कापडाचा निवारा उभा करून दाखवला. आणि दोन्ही दिवस भाकरी भाजायला, पिठलं करायला गावातून बोलावलेल्या दोन बायांत एक आमची नानी होती. कापडाच्या आडोशाला, तीन दगडांच्या चुलीपाशी. रिमझिम चालू होती. शिकणाऱ्यांच्या आगी पेटत नव्हत्या आणि नानीची चूल कधी पेटली ते कुणी पाहिलंच नाही. भाचीनं पाहिलं. आजीनं ऐनाच्या फांदीची ओली साल तासून आतला कोरडा गाभा काढला आणि कनवटीला बांधलेली करवंदीची काटकी लावली, असं ती मला फोनवर सांगत होती. सांगताना मधेच रडायला लागली.

मी तिला म्हटलं, अगं, रडायचं काय त्यात? नानीला दोन दिवसांचे पैसे मिळाले, ती खूश आहे.

ती म्हणाली, "आत्या, आम्ही हजारो रुपये देऊन जे शिकायला गेलो, ते आजी आमच्या मागं बसून करत होती. आणि मलाही लहानपणापासून वाटत आलं की आजी लाकडं आणते. बस. लाकडं आणते."

पुढं बोलता बोलता तिच्याबरोबरच्या एका मुलीचं म्हणणं तिनं सांगितलं आणि ते मला टोचलं. ती मुलगी म्हणाली होती, याला कौशल्य म्हणणं म्हणजे गरिबीला फुलं वाहणं आहे. त्या बाया हौसेनं रानात गेल्या नाहीत. दुसरा पर्याय असता तर एकही गेली नसती. निवड नाही तिथं कसब कसलं? तो नाइलाज. आपण त्याचं कौतुक करायला लागलो की नाइलाज गोड वाटायला लागतो.

हे म्हणणं सहज उडवून लावण्यासारखं नाही. मी मोळ्या पाहिल्या आहेत तशा त्यांच्या खाली गेलेल्या बायाही पाहिल्या आहेत. आमच्या आळीतल्या एकीचं बाळंतपणानंतर महिन्याच्या आत ओझी उचलून अंग बाहेर आलं. पुढं तीस वर्षं ती तसंच दाबून जगली, डॉक्टरला दाखवलं नाही. एक पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावरून मोळीसकट घसरली, ती लंगडतच राहिली. चुलीच्या धुरानं आजीचे डोळे पन्नाशीतच गेले. रानात रखवालदार भेटला की कोयता काढून घ्यायचा आणि वर काय काय बोलायचा, ते मी इथं लिहीत नाही. 1927च्या जंगल कायद्याखाली आमच्या बाया चोर होत्या. ज्या रानाचं पान नि पान त्यांना ठाऊक, त्या रानात चोरासारखं शिरायचं आणि चोरासारखं निघायचं. 2006चा वनहक्क कायदा आला, गावाच्या वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया असल्याच पाहिजेत असा नियम झाला, तेव्हा नानी पहिल्यांदा रानाविषयी खुर्चीवर बसून बोलली. तोवर ती साठीला टेकली होती. तेव्हा ते जुने दिवस परत यावेत असं मला म्हणायचं नाही. गावात गॅसचे सिलिंडर आले ते बरंच झालं, भले त्यातले काही महाग म्हणून कोपऱ्यात उभे असतील. पोरी घोडेगावला कॉलेजात जातात, मोळीला जात नाहीत, हे मला चांगलंच वाटतं.

पण त्या मुलीच्या बोलण्यात एक गाठ चुकीची बसली आहे. निवड नसली तर कसब नाही, हे कुठून आलं? आपली मायबोली तरी आपण कुठं निवडली? कानावर पडली, गरज होती, शिकलो. म्हणून ती येते म्हणायचं नाही का? सुताराचा पोरगा सुतारकीत निवडून पडत नाही, तरी त्याच्या रंध्याला आपण कसबच म्हणतो. आमच्याकडचे बापे मुंबईला हौसेनं गेले नव्हते. तरी पाठीवर पोतं कसं घ्यायचं याची त्यांची ऐट गावात चालायची. आणि मध काढणारे आजोबा? तेही पोटासाठीच लटकत होते. नाइलाजाचं माप फक्त बाईच्याच कामाला लावायचं, हे मला पटत नाही. ज्या परिस्थितीनं शिकायला लावलं ती वाईट असू शकते. शिकलेलं त्यामुळं वाईट किंवा खोटं होत नाही. ओझं टाकून द्यायचं ठरलं तर मोळी टाकावी, मोळी बांधणारे हात त्याबरोबर टाकायचं कारण नाही.

निवडीचं म्हणाल तर तीही नव्हती असं नाही. आपल्याकडे बाईनं औताला हात लावू नये, घराच्या छपरावर चढू नये, झाडावर चढू नये, असे पुष्कळ 'नये' होते. काही देवरायांत तर अजून बाईला आत जाता येत नाही. उन्हाळ्याच्या तोंडी बाळहिरडा काढायचा असतो, आमच्या भागाचं ते रोख पैशाचं पीक. झाडावर बाप्यानं चढायचं, खाली बाईनं वेचायचं, अशी रीत. एका साली बापे मुंबईहून वेळेवर आलेच नाहीत. हिरडा पिकला की त्याला बाळहिरड्याचा भाव नाही. तेव्हा नानी नऊवारीचा कासोटा घट्ट करून वर चढली. तिची सासू, म्हणजे माझी आजी, खाली उभी.

"आगं, बाईमाणसानं चढू नाय," आजी म्हणाली.

"आत्याबाई, झाडाला काय कळतंय कोन चढलंय ते," नानी वरून म्हणाली. "तुमी टोपली धरा."

आजीनं टोपली धरली. पुढच्या साली बापे वेळेवर आले, तरी मपलं झाड मीच काढणार म्हणून नानी त्या एका झाडावर चढायचीच. तेव्हा तर कसली गरज नव्हती. विचारलं तर म्हणायची, वर वारं लागतं, पार धरणाचं पाणी दिसतं. याला काय म्हणायचं? त्या पुण्याच्या मुलीला रानात जाऊन जे हवं होतं, त्याहून हे वेगळं आहे असं मला वाटत नाही.

आता कौतुकाविषयी. आपण बाईच्या ज्ञानाचं कौतुक करत नाही असं नाही. करतो, पण त्याला आईचं लुगडं नेसवून. हिरकणीचं तसं झालं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेत न जाता शेकडो गावठी वाणांचं बियाणं जपलं, त्यांची बीजबँक उभी राहिली, 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मला त्यांचा अभिमान वाटतो. लोक त्यांना बीजमाता म्हणतात, आणि प्रेमानंच म्हणतात. तरी हा शब्द ऐकला की मी थोडी थबकते. कुणी गडी हेच काम करता तर त्याला बीजपिता म्हटलं असतं का? तज्ज्ञ म्हटलं असतं. बियाणं कोणत्या राखेत घोळायचं, कोणत्या मडक्यात कोणतं ठेवायचं, कीड कधी लागते, हे निरखून-पारखून मिळवलेलं ज्ञान आहे. माया म्हटली की ती निसर्गतःच असते, तिला शिकावं लागत नाही, चुकून-सुधारून घडवावं लागत नाही. आणि मुख्य म्हणजे तिचे पैसे द्यावे लागत नाहीत.

पैशाचं निघालं म्हणून शेवटचं सांगते. भाचीनं शिबिरवाल्यांना लांबलचक पत्र लिहिलं. त्यांनीही ते मनावर घेतलं, हे चांगलं केलं. गेल्या वैशाखात त्यांचा माणूस नानीकडे आला. म्हणाला, आजी, पावसाळ्यात तुम्ही स्वयंपाक करू नका, आमच्या लोकांना रान दाखवा. रानभाज्या, कंद, लाकूड, चूल. नानी ओसरीवर वाल सोलत बसली होती. मी सुट्टीला गेले होते, तिथंच होते. तिनं सगळं ऐकून घेतलं, त्याला चहा दिला. मग विचारलं, रोज किती? त्यानं आकडा सांगितला. भाकरीच्या रोजापेक्षा तो शंभर रुपयांनी जास्त होता.

"आन त्या गाठी शिकवतो त्या पोराला किती देता?"

तो जरा घुटमळला. त्यांचं ट्रेनिंग झालंय, सर्टिफिकेट आहे, असं काहीतरी म्हणाला. नानीनं वालाचं सूप बाजूला सारलं.

"त्याला कडूकंद खायला घातला तर त्यो वळखंल का?"

माणूस हसला. नानी हसली नाही. म्हणाली, "त्याच्याइतकं द्या. कमी नाय, जास्त नाय. आन कंदाचा शेंडा जो कोन परत मातीत ठेवनार नाय, त्याला मी रानातनं माघारी धाडीन, मग त्यानं कितीबी पैसं भरलेलं असूं द्या."

विचारून कळवतो म्हणून तो गेला. मृग निघाला तरी त्याचा फोन आला नव्हता. नानी मात्र पहिला पाऊस पडून गेल्यावर शेवळं बघायला वरच्या अंगाला जाऊन आली. या खेपेला तिनं बरोबर धाकट्या नातवाला नेलं होतं, नातीला कॉलेजची परीक्षा होती म्हणून.